सवलत शिपमेंटच्या दिवशी मिळत नाही: बडोद्याच्या लघुउद्योजकांना खुले पत्र

मकरपुरा, गोरवा, वाघोडिया, पोर-रमणगामडी, मांजुसर आणि नंदेसरी इथले कारखानदार, तसेच त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत भारताने व्यापार करारांचा सपाटाच लावला आहे. यूएईबरोबरचा करार १ मे २०२२ पासून लागू आहे आणि ऑस्ट्रेलियाचा २९ डिसेंबर २०२२ पासून. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या ईएफटीए गटाबरोबरचा १ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाला. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. आसियानचा तर २०१० पासून आहे. प्रत्येक सहीनंतर शहरात एखादा परिसंवाद होतो, हारतुरे होतात, पडद्यावर अब्जांचे आकडे फिरतात. आणि मग एक दिवस कंटेनर भरून दशरथच्या आयसीडीकडे (कंटेनर डेपोकडे) निघालेला असताना सीएचएचा, म्हणजे कस्टम्सचे काम बघणाऱ्या एजंटचा, फोन येतो, 'पार्टी प्रेफरेन्शियल सीओओ मागतेय, कॉस्ट शीट पाठवा.' सीओओ म्हणजे माल कोणत्या देशातला ते सांगणारे सर्टिफिकेट, आणि प्रेफरेन्शियल म्हणजे करारातल्या शुल्क सवलतीसाठीचे. त्या क्षणी कॉस्ट शीट, म्हणजे मालाच्या खर्चाचा तक्ता, शोधायला लागणाऱ्या कारखान्यासाठी हे पत्र आहे. असे कारखाने बडोद्यात थोडेथोडके नाहीत.

आम्ही निर्यातीची कागदपत्रे, कॉस्टिंग आणि कस्टम्सचे काम करणारे काही जण आहोत. आमचे म्हणणे एकच. शुल्काची सवलत मिळणार की नाही, हे तुम्ही कच्चा माल कुणाकडून घेता आणि कोटेशन कसे लावता तेव्हाच ठरून जाते. शिपमेंटच्या दिवशी फक्त निकाल कळतो.

आधी हे बघा की सवलत घेण्यासारखी आहे का. सिंगापूर बिअरसारख्या काही मद्यांखेरीज कशावरच आयात शुल्क लावत नाही. तिथे मशिनरीचा सुटा भाग पाठवताना प्रेफरेन्शियल सर्टिफिकेटसाठी धावपळ करणे म्हणजे फुकटचा खर्च. स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२४ पासून सगळ्याच देशांच्या औद्योगिक मालावरचे शुल्क काढून टाकले. म्हणजे ईएफटीए करारामुळे तुमचा गिअर किंवा व्हॉल्व्ह झुरिकमध्ये स्वस्त होणार, ही समजूत सोडा. तो करार मकरपुऱ्याला उपयोगी पडलाच तर उलट्या दिशेने पडेल: स्विस मशीन टूल आणि मोजमापाची उपकरणे आणताना. तीही सवलत टप्प्याटप्प्याने येते, म्हणून आपल्या मालाच्या एचएस कोडसमोर (वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकासमोर) कोणते वर्ष आणि किती टक्के लिहिले आहेत ते परिशिष्टात बघूनच ऑर्डर द्या. यूएईत बहुतेक मालावर ५ टक्के शुल्क आहे. सीआयएफ, म्हणजे विमा आणि जहाजभाडे धरून, ५० लाखांच्या मालावर ते अडीच लाख होते. हा पैसा खरा आहे. मात्र माल दुबईतल्या जेबेल अलीच्या मुक्त क्षेत्रात उतरून तिथूनच आफ्रिकेला जाणार असेल तर यूएईत शुल्क भरावेच लागत नाही, आणि सर्टिफिकेटला काही अर्थ उरत नाही. खरेदीदाराला सरळ विचारा: माल दुबईत विकणार की पुढे पाठवणार?

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. हे अडीच लाख खरेदीदाराचे वाचतात, तुमचे नाही. कागद तुम्ही करायचे, पाच वर्षे फाइल तुम्ही जपायची, आणि मलई दुबईला. म्हणून सीओओचा विषय भाव ठरवताना काढा. 'सर्टिफिकेटसह हा भाव, त्याशिवाय हा' असे कोटेशनमध्ये दोन ओळींत लिहिले, तर निदान दोन टक्के आपल्याकडे ठेवता येतात किंवा चिनी मालाच्या भावाशी बरोबरी करता येते. ऑर्डर पक्की झाल्यावर सर्टिफिकेट मागितले की ते फुकट द्यावे लागते.

आता मुख्य मुद्दा, मालाचे मूळ, म्हणजे करारापुरता माल भारतीय ठरतो की नाही. हिशेब करून बघू. समजा, तुम्ही स्टेनलेस स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह करता, कोड ८४८१.८०, एफओबी किंमत (जहाजावर माल चढेपर्यंतची) ८,००० रुपये. त्यात बॉडीचे कास्टिंग गुजरातमधल्याच फाउंड्रीचे, २,६०० रुपयांचे. बॉल आणि स्टेम ज्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या बारमधून (सळईतून) काढले तो बार मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घेतलेला, १,५०० रुपयांचा. सीट आणि गॅस्केट चीनचे, ४०० रुपये. गिअर ऑपरेटर इटलीचा, २,२०० रुपये. मशिनिंग, मजुरी, वीज वगैरे ७०० रुपये, आणि नफा, पॅकिंग, बंदरापर्यंतचे भाडे मिळून ६०० रुपये.

यातले परदेशी किती? सीट, गॅस्केट आणि ऑपरेटर तर उघडच आहेत. प्रश्न बारचा. व्यापाऱ्याने जीएसटीचे पक्के बिल दिले आहे, माल मुंबईच्या गोदामातून आला आहे, म्हणून तो भारतीय ठरत नाही. मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावर मिलचे नाव आणि हीट नंबर (पोलादाच्या त्या घाणीचा क्रमांक) बघा. पोलाद कुठे वितळवले ते तिथे कळते. सर्टिफिकेटच नसेल तर तो माल 'मूळ अनिश्चित' धरला जातो, आणि मूळ अनिश्चित म्हणजे हिशेबात परदेशीच. तेव्हा परदेशी माल १,५०० अधिक ४०० अधिक २,२००, एकूण ४,१००. आठ हजारांतून वजा जाता ३,९०० उरले, म्हणजे ४८.७५ टक्के मूल्यवर्धन. आसियानच्या सर्वसाधारण नियमाला ३५ टक्के लागतात, यूएईच्या करारात बहुतेक औद्योगिक मालाला ४०. दोन्हीकडे पास.

मग खरेदीदार म्हणतो, व्हॉल्व्ह फिरवायला गिअर ऑपरेटर नको, विजेवर चालणारा ॲक्च्युएटर बसवून द्या. तो ४,५०० रुपयांचा, आयात केलेला. तुम्ही भाव तेवढाच वाढवून १०,३०० केला. आता परदेशी माल ६,४०० झाला आणि मूल्यवर्धन ३७.८६ टक्क्यांवर आले. तोच व्हॉल्व्ह व्हिएतनामला गेला तर अजून पास, दुबईला गेला तर नापास. कारखान्यात हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ॲक्च्युएटर बदलायचा निर्णय सेल्सने घेतला आणि सीओओ डिस्पॅचचा माणूस काढतो. इथे उपाय आहे आणि तो फार महागही नाही. बार भारतीय मिलचा घ्या, मिल टेस्ट सर्टिफिकेटसकट. समजा त्याला शंभर रुपये जास्त पडले आणि ते तुमच्या नफ्यातून गेले. परदेशी माल ४,९०० वर येतो, मूल्यवर्धन ५२ टक्क्यांच्या पुढे जाते. शंभर रुपयांत ५ टक्के शुल्क वाचले. मात्र हा निर्णय खरेदीच्या आधी व्हायला हवा. बॉल घासून झाल्यावर बारचे मूळ बदलता येत नाही.

टक्केवारी जुळली की झाले असे नाही. बहुतेक करारांत दुसरी अटही असते, कोड बदलण्याची. आसियानमध्ये परदेशी मालाचा सहा अंकी कोड तयार मालाच्या कोडपेक्षा वेगळा असावा लागतो. चीनहून घासलेला तयार बॉल आला तर त्याचा कोड ८४८१.९०, म्हणजे व्हॉल्व्हचा भाग. तयार व्हॉल्व्ह ८४८१.८०. सहा अंकांवर कोड बदलला, अट पूर्ण. पण ज्या मालाला करारात चार अंकी बदल मागितला आहे तिथे ८४८१ चा ८४८१ च राहतो आणि सर्टिफिकेट अडते. तोच बॉल तुम्ही बार आणून इथे घासलात तर बारचा कोड ७२२२, अडचण नाही. परदेशी भाग आणून नुसते जोडणे, बॉक्समध्ये घालून लेबल लावणे, रंगवणे, पातळ करणे यांना कुठल्याच करारात मूळ मिळत नाही, टक्केवारी कितीही येवो. नंदेसरीत पिंपातून लहान डब्यात भरून निर्यात करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

ॲडव्हान्स ऑथरायझेशनवर शुल्क न भरता आणलेला कच्चा माल भारतीय होत नाही. ती वेगळी योजना आहे, मूळ ठरवण्याचा हिशेब वेगळा. आणि टक्केवारी कशाच्या तुलनेत काढायची हेही करारागणिक बदलते. कुठे एफओबी किंमत, कुठे, विशेषतः युरोपीय पद्धतीच्या करारांत, कारखान्याच्या दारातली किंमत. दुसऱ्या हिशेबात बंदरापर्यंतचे भाडे मोजले जात नाही, आणि काठावरचा माल तेवढ्यानेच पडतो.

कागदांकडे वळू. सर्टिफिकेट दोन प्रकारचे असते आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. नॉन-प्रेफरेन्शियल सीओओ फक्त माल भारतातला आहे एवढे सांगते, त्यावर शुल्कात एक पैसा सुटत नाही. चेंबरकडून घाईत काढलेले ते सर्टिफिकेट दुबईला गेले आणि खरेदीदाराने पूर्ण शुल्क भरले, अशी उदाहरणे आहेत. सवलतीसाठी प्रेफरेन्शियलच लागते, त्या त्या कराराच्या नमुन्यात, आणि बहुतेक करारांत ते डीजीएफटीची (परकीय व्यापार महासंचालनालयाची) प्रादेशिक कार्यालये, निर्यात तपासणी संस्था असे नेमलेले अधिकारीच देतात. डीजीएफटीचे कार्यालय बडोद्यातच आहे आणि अर्ज ऑनलाइन आहे, त्यामुळे दूर पडते ही सबब चालणार नाही. आयईसी (आयात-निर्यातदाराचा कोड क्रमांक) चालू असावा आणि डिजिटल सही किंवा आधार ई-साइन तयार असावे. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल आणि कॉस्ट स्टेटमेंट जोडायचे. आसियानचे सर्टिफिकेट माल निघताना किंवा निघाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत घ्यावे. ते हुकले तर बारा महिन्यांपर्यंत मागाहून घेता येते, पण त्यावर तसा शेरा पडतो आणि पलीकडचा अधिकारी ते जरा जास्तच निरखून बघतो.

सर्टिफिकेट नाकारले जाते ते बहुधा क्षुल्लक कारणांनी. प्रोफॉर्माचा, म्हणजे आधीच्या कच्च्या बिलाचा, नंबर टाकला आणि अंतिम इन्व्हॉइसचा नंबर वेगळा निघाला. तुमच्या शिपिंग बिलातला कोड आणि आयातदाराचा कोड पहिल्या सहा अंकांतच जुळेना, म्हणून ऑर्डरच्या वेळीच त्याला त्याचा कोड लेखी विचारून घ्या. बिल तिसऱ्या देशातल्या कंपनीच्या नावाने, पण तो रकाना भरलेला नाही. माल कोलंबोला किंवा पोर्ट क्लांगला जहाज बदलून गेला आणि शेवटच्या बंदरापर्यंतचे एकच बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) नाही. मग वाटेत मालाला हात लागला नाही हे सिद्ध कसे करणार? झालेली चूक पेनाने दुरुस्त करून रबरी शिक्का मारण्याची सवय तर कृपा करून सोडाच. कराराचा कोडही आपल्या आजच्या कोडशी जुळेलच असे नाही, कारण करारातली यादी त्या वेळच्या आवृत्तीत असते. एचएसची सध्याची आवृत्ती २०२२ ची आहे, पुढची १ जानेवारी २०२८ ला येते, तेव्हा पुन्हा सगळ्या फायली तपासाव्या लागतील.

माल पोचला, शुल्क सुटले, तरी विषय संपत नाही. परदेशी कस्टम्स मागाहून पडताळणी मागवू शकते आणि ती तुमच्याकडेच येते. उत्तर मुदतीत गेले नाही तर तिकडच्या खरेदीदाराला शुल्क आणि दंड भरावा लागतो, आणि तो पुढच्या पेमेंटमधून ते कापतो. म्हणून प्रत्येक सर्टिफिकेटची स्वतंत्र फाइल हवी: त्या दिवशीची कॉस्ट शीट, बारचे मिल टेस्ट सर्टिफिकेट, फाउंड्रीचे लेखी निवेदन, आयात मालाची बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे भरलेला आयातीचा कागद). चालू महिन्याची कॉस्ट शीट दाखवून दीड वर्षापूर्वीचे सर्टिफिकेट वाचवता येत नाही.

आयात करणाऱ्यांसाठी थोडक्यात. २१ सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नियम, म्हणजे करारातली सवलत घेऊन आणलेल्या मालाचे मूळ तपासण्याचे नियम, लागू आहेत. परदेशी विक्रेत्याचे सर्टिफिकेट हातात आहे एवढ्यावर कस्टम्सचे समाधान होत नाही. माल तिथेच तयार झाला याची माहिती आयातदाराकडे असावी लागते, फॉर्म १ मध्ये, आणि ती पाच वर्षे ठेवावी लागते. अधिकाऱ्याने मागितली तर दहा कामकाजाच्या दिवसांत द्यायची. म्हणजे मलेशियाच्या विक्रेत्याला पैसे पाठवण्याआधीच त्याच्याकडून मूल्यवर्धनाचा हिशेब घ्या. पैसे गेल्यावर तो फोन उचलेलच असे नाही.

इथे जरा मोठे चित्र. चार प्रांतांत विखुरलेले, मधूनमधून इंग्रजी हद्द असलेले बडोदे संस्थान सीमेवरच्या जकातीचा जाच ओळखून होते. विरमगामची जकात १९१७ मध्ये उठेपर्यंत काठेवाडातून येणाऱ्या मालाची आणि माणसांची तिथे अडवणूक होत असे. आज तशी सीमा आपल्या आणि पूर्व आशियाच्या मध्ये आहे. भारत ४ नोव्हेंबर २०१९ रोजी आरसीईपी या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला, पुढच्या वर्षी १५ देशांनी सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून करार लागू झाला. त्यात न जाण्याची कारणे होती आणि चिनी मालाची धास्ती खोटी नव्हती. पण परिणाम समजून घ्या. त्या गटात एका देशाचा भाग दुसऱ्या देशात 'आपला' धरता येतो. व्हिएतनामचा कारखाना चिनी बॉल आणि जपानी ॲक्च्युएटर बसवून कोरियाला व्हॉल्व्ह पाठवतो, तेव्हा ते दोन्ही भाग त्याच्या मूळच्या हिशेबात धरता येतात. तुम्ही तेच भाग बसवले तर कोरियाबरोबरच्या आपल्या करारात ते परदेशीच. त्याच्याशी फक्त मजुरीच्या दरावर स्पर्धा करू पाहणे व्यर्थ आहे. देशातच भाग करून घेणे, निदान महागडे भाग, हाच आपल्याकडचा व्यवहार्य मार्ग आहे, आणि त्यासाठी मांजुसरच्या कारखान्याला मकरपुऱ्याच्या शेजाऱ्याकडून ॲक्च्युएटर घ्यायला लाज वाटायचे कारण नाही.

युरोपबद्दल लोक शुल्काचेच विचारतात. व्हॉल्व्हवर तिथे शुल्क दोन टक्क्यांच्या आसपास आहे. तुम्हाला तिथे अडवते ते प्रेशर इक्विपमेंट डायरेक्टिव्हचे प्रमाणपत्र, आणि बोल्ट, नट, पोलादी फिटिंग करणाऱ्यांना आता कार्बनचा हिशेब. त्या हिशेबाच्या युरोपीय व्यवस्थेचा, सीबीएएमचा, चाचणीचा काळ ३१ डिसेंबर २०२५ ला संपला. कोड ७३१८ (बोल्ट, नट) आणि ७३०७ (फिटिंग) त्या यादीत आहेत. कोणताही व्यापार करार त्यातून सूट देत नाही. आयातदाराचा वर्षाचा एकूण माल ५० टनांच्या आत असेल तर त्याला सूट आहे, पण ही मर्यादा त्याच्या सगळ्या पुरवठादारांच्या मालाची मिळून आहे, तुमच्या एकट्याची नाही. वायर रॉड कुठल्या मिलचा, भट्टी कोणती, ही माहिती मिलकडून आताच मागायला लागा.

शेवटी संघटनांना. परिसंवाद पुरे झाले. सभासदांच्या कॉस्ट शीट तपासून देणारा एक जाणकार आठवड्यातून दोन दिवस संघटनेच्या कार्यालयात बसवा, खर्च सभासदांत वाटून घ्या. मूळ निवेदनाचा एक नमुना गुजराती आणि हिंदीत करून फाउंड्री, फोर्जिंगवाले आणि बार विकणाऱ्यांना द्या. परदेशी खरेदीदाराचा कागद बघून ते घाबरतात, आपल्या भाषेतला कागद भरतात. वाणिज्य मंत्रालय नव्या कराराआधी उद्योगांची मते मागवते, तेव्हा 'लघुउद्योगाचे हित जपावे' असे ठरावीक वाक्य पाठवू नका. कोड लिहा, त्यात परदेशी भाग किती टक्के लागतात ते लिहा, कोणता भाग भारतात मिळतच नाही ते लिहा, आणि चार अंकी बदल ठेवला तर कोणता माल बाहेर पडेल ते लिहा. असे पत्र दोन पानांचे असले तरी वाटाघाटी करणाऱ्याच्या कामाला येते.

ब्रिटनच्या कराराचा मजकूर, उत्पादननिहाय नियमांसकट, वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. प्रकरण ८४ (यंत्रसामग्री) आणि ८५ (विजेची उपकरणे) ची पाने छापून घ्या आणि खरेदी आणि कॉस्टिंग बघणाऱ्याच्या टेबलावर ठेवा. सीएचएकडे त्याची एक प्रत पुढे कधीतरी गेली तरी चालेल.

आपले,
निर्यात, कॉस्टिंग आणि कस्टम्सच्या कामातले काही जण
बडोदे